घरचे चॉकलेट: पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यातील एका वडीचा इतिहास

१/
वितळवलेल्या चॉकलेटमध्ये मार्शमॅलोचे तुकडे, मोडलेली बिस्किटे आणि काजू-बदाम ढवळायचे, तूप लावलेल्या थाळीत ते मिश्रण थापायचे, फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचे आणि वड्या पाडायच्या. ओव्हन लागत नाही, भट्टी लागत नाही. निगडी, चिंचवड, भोसरी, तळेगाव, चाकण येथील असंख्य स्वयंपाकघरांत हा पदार्थ आज होतो, डब्यांत भरला जातो आणि ‘घरगुती’ म्हणून विकलाही जातो. या घरगुती वडीत घराचा वाटा किती आणि कारखान्याचा किती, याचा शोध घेणारा हा धागा.

२/
प्रथम शब्द पाहू. मराठी बोलीत ‘चॉकलेट’ या शब्दाला कोकोशी फारसे देणेघेणे नव्हते. वाण्याच्या दुकानातील काचेच्या बरणीतून निघणारी संत्र्याची गोळी, लिमलेट, पेपरमिंट, कागदात गुंडाळलेली टॉफी, या सर्वांना मुले चॉकलेटच म्हणत आणि अजूनही म्हणतात. खऱ्या कोकोची वडी दुर्मिळ व महाग होती. साखरेची गोळी स्वस्त होती. त्यामुळे महाग वस्तूचे नाव स्वस्त वस्तूला चिकटले. नाव आणि वस्तू यांच्यातील हे अंतर पुढेही पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

३/
‘न भाजता केलेली मिठाई’ हा वर्ग पाश्चात्त्य पाककृतींत वेगळा सांगावा लागतो, कारण तिकडे गोड पदार्थ म्हणजे मुख्यतः ओव्हनमधला. महाराष्ट्रात परिस्थिती नेमकी उलटी. नारळाची वडी, आल्याची वडी, संक्रांतीचा काटेरी हलवा, पाडव्याच्या साखरेच्या गाठी, तिळगूळ: सारे चुलीवर पाक करून होणारे. ओव्हन घरात नव्हताच. दिवाळीत नानकटाईचे पीठ मळून ट्रेमध्ये मांडायचे आणि जवळच्या बेकरीतून भाजून आणायचे, ही रीत पुण्यात व आसपासच्या गावांत अनेक वर्षे चालली. थापून वड्या पाडण्याचे कौशल्य मात्र घरोघरी होते. चॉकलेटला याच कौशल्याने घरात जागा दिली.

४/
या पट्ट्याच्या पश्चिम टोकाला, लोहमार्गावर लोणावळा आहे. गूळ आणि शेंगदाणे यांची चिक्की ही तेथील जगप्रसिद्ध खूण. तीही ओव्हनविना होणारीच. त्याच गावात रेल्वे स्थानकाजवळ कूपर्स हे पारशी कुटुंबाचे जुने दुकान आहे. तेथील चॉकलेट-अक्रोड फज घेण्यासाठी आजही रांग लागते. फज म्हणजे दूध, साखर, लोणी व कोको आटवून थापलेली मऊ वडी. मराठी घरातील बर्फी आणि इंग्रजी फज यांची कृती जवळजवळ एकच. पिंपरी-चिंचवडच्या सहलींतून घरी येणाऱ्या पिशवीत चिक्कीशेजारी हा फजही येत गेला, आणि चॉकलेट बर्फीसारखे थापता येते याची चव जिभेला लागली.

५/
साखरेच्या गोळ्यांचा मोठा कारखानदारी इतिहासही महाराष्ट्रातच घडला. मुंबईच्या विलेपार्ले येथे १९२९ साली सुरू झालेल्या पार्लेने प्रारंभी गोळ्या व टॉफी बनवल्या. बिस्किटे नंतर आली. नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये रावळगावचा साखर-उद्योग उभारला आणि १९४० च्या दशकात तेथे गोळ्यांचे उत्पादन सुरू झाले. पुण्यात साठे बिस्किट अँड चॉकलेट कंपनी होती. रावळगाव हे तर गावाचे नाव असूनही कित्येक पिढ्यांसाठी गोळीचेच नाव झाले. २०२४ साली रावळगावच्या नाममुद्रा रिलायन्स समूहाने २७ कोटी रुपयांना घेतल्या.

६/
कोकोची वडी मात्र वेगळ्या वाटेने आली. १८२८ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन हाउटेन घराण्याने कोकोबियांतील चरबी दाबून वेगळी करण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. या चरबीला कोकोबटर म्हणतात. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोकोची भुकटी, साखर आणि वितळलेले कोकोबटर एकत्र करून साच्यात ओतले आणि खाण्याची वडी तयार केली. तोपर्यंत चॉकलेट हे मुख्यतः पेय होते. पुढील सर्व इतिहास या एका चरबीभोवती फिरतो, कारण तिच्याच वितळबिंदूवर चॉकलेटचे सारे गुण आणि साऱ्या अडचणी अवलंबून आहेत.

७/
१९४८ साली कॅडबरी-फ्राय (इंडिया) ही कंपनी मुंबईत स्थापन झाली. आरंभी माल आयात करून विकला जाई. उत्पादन नंतर येथेच होऊ लागले. परंतु दुग्धचॉकलेटला भरवशाचे दूध हवे. १९६४ मध्ये कंपनीने तळेगाव दाभाडेजवळ इंदुरी येथे दुग्धोत्पादनाच्या आधुनिक पद्धती विकसित करण्यासाठी शेतीप्रकल्प सुरू केला. तेथेच पुढे कारखाना वाढला. तळेगावहून चाकणला जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. जवळून इंद्रायणी वाहते, गावात अठराव्या शतकातील दाभाड्यांची गढी आहे आणि समोर तुकोबांचा भंडारा डोंगर. देशभर पोहोचलेल्या चॉकलेटच्या वड्यांपैकी कितीतरी या डोंगराच्या छायेत तयार झाल्या आहेत.

८/
याच काळात आजूबाजूचा मुलूख बदलत होता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो लघुउद्योगांची साखळी आली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे चाकणला नवे मोटार कारखाने उभे राहिले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण येथून कुटुंबे या शहरात आली. यंत्रशाळांतील नोकऱ्या बहुतांश पुरुषांच्या वाट्याला गेल्या. पाळीच्या भोंग्यावर चालणाऱ्या घरात स्त्रियांनी उत्पन्नाची वाट शोधली ती शिवणकाम, शिकवण्या, पाळणाघर, पापड-लोणची आणि डबे यांत. घरचे चॉकलेट या यादीत पुढे दाखल झाले.

९/
त्याआधीची एक पायरी आहे. कोकोची भुकटी आणि दूध पावडर बाजारात सहज मिळू लागल्यावर मराठी गृहिणींनी त्यांच्या वड्या केल्या. साखरेचा पाक, दूध पावडर, कोको, लोणी; घोटायचे, थापायचे, कापायचे. दुसरा लाडका प्रकार मारी बिस्किटांचा रोल: बिस्किटांचा चुरा कोको घालून मळायचा, लाटायचा, आत खोबऱ्याचे पांढरे सारण पसरायचे, गुंडाळी करून फ्रिजमध्ये ठेवायची आणि चकत्या कापायच्या. वाढदिवस व हळदीकुंकवाच्या थाळीत या चकत्या हमखास दिसत. चॉकलेट घरी ‘करण्याचा’ हा पहिला टप्पा. वडी चॉकलेटच्या रंगाची आणि चवीची, परंतु दुकानातल्यासारखा कडक मोड तिला नव्हता.

१०/
तो मोड घरी का येत नाही? कोकोबटर थंड होताना सहा वेगवेगळ्या प्रकारचे स्फटिक बनवू शकते. त्यांपैकी पाचवा प्रकार हवा असतो. तो साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतो, म्हणून वडी हातात टिकते आणि तोंडात विरघळते. हा प्रकार मिळवण्यासाठी काळे चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत तापवून २७-२८ अंशांपर्यंत उतरवायचे आणि पुन्हा ३१-३२ अंशांवर आणून सतत हलवत राहायचे. याला टेम्परिंग म्हणतात. एकदोन अंशांची चूक झाली तरी वडी मऊ राहते, निस्तेज दिसते, किंवा काही दिवसांत तिच्यावर पांढरट बुरशीसारखा थर येतो. ती बुरशी नसते, वर आलेली चरबी असते. घेणाऱ्याचा विश्वास मात्र तिथेच संपतो.

११/
आता पुणे परिसराचा उन्हाळा आठवावा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छपराखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात ३१ अंशांची खोली मिळवणेच कठीण. तेथे चॉकलेट ३१ अंशांवर राखणे दूरच. युरोपातील थंड हवेसाठी घडलेला पदार्थ येथे घरी करायचा तर त्याची चरबीच बदलणे भाग होते. ही अदलाबदल कारखान्याने करून दिली.

१२/
कोकोबटर काढून त्याच्या जागी पामच्या गरापासून मिळणारे किंवा तत्सम वनस्पतिजन्य, कडक केलेले तेल घातलेल्या लादीला व्यवहारात ‘कंपाउंड’ म्हणतात. त्यात कोकोची भुकटी असते, साखर असते, हवी तर दूध पावडर असते. या चरबीला स्फटिकांचे इतके नखरे नाहीत. वितळवा, साच्यात ओता, थंड करा. ती चकाकते आणि साच्यातून सुटून येते. टेम्परिंगची गरज उरत नाही. वितळबिंदूही थोडा वर असल्याने उन्हाळ्यात ती जास्त तग धरते. याची किंमत जिभेला मोजावी लागते: तोंडात ती कोकोबटरइतकी स्वच्छ विरघळत नाही, टाळूला किंचित मेणचट थर राहतो.

१३/
या लादीचे एक मोठे नाव याच जिल्ह्यात घडले. चाकणच्या उत्तरेला, पुणे-नाशिक महामार्गावर मंचर आहे. बटाटा-कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातील मोर्डे फूड्स या कंपनीच्या काळ्या, दुधी आणि पांढऱ्या कंपाउंडच्या लाद्या बेकऱ्यांत, आइस्क्रीमच्या कारखान्यांत आणि घरोघरच्या चॉकलेटवालींच्या फडताळात पोहोचल्या. म्हणजे एकाच औद्योगिक पट्ट्याच्या परिसरात दोन चॉकलेट नांदतात. इंदुरीचे चॉकलेट तयार वडीच्या रूपाने बाहेर पडते आणि थेट खाल्ले जाते. मंचरची लादी कच्चा माल म्हणून बाहेर पडते आणि कुणाच्या तरी हातून दुसरा आकार घेते. घरच्या चॉकलेटचा इतिहास प्रामुख्याने या दुसऱ्या लादीचा आहे.

१४/
शिक्षणाची सोयही लगोलग झाली. सोसायटीच्या सभागृहात, महिला मंडळात किंवा शिकवणाऱ्या बाईंच्याच स्वयंपाकघरात एका दुपारचा चॉकलेटचा क्लास. कढईत पाणी, वर पातेले, त्यात लादीचे तुकडे. प्लॅस्टिकचे, पुढे सिलिकॉनचे साचे. बदामाचा, गुलकंदाचा, भाजलेल्या शेंगदाण्यांचा, पान-मसाल्याचा पूर. रंगीत चमकदार कागद, जाळीची पुरचुंडी, दिवाळीसाठी खोके. भांडवल थोडे, जागा ओट्याएवढी आणि वेळ मुले शाळेत असतानाचा. ग्राहक हाकेच्या अंतरावर: कारखान्यांची कार्यालये, जी दिवाळीत कर्मचाऱ्यांना व व्यवहारातील लोकांना भेटी देतात. पट्ट्याने कच्चा माल दिला आणि गिऱ्हाईकही दिले.

१५/
फ्रिज नसता तर हे काहीच शक्य नव्हते. भारतीय बनावटीचा फ्रिज गोदरेजने १९५८ मध्ये आणला, पण मध्यमवर्गीय घरात तो रुळायला काही दशके गेली. पुढे चाकणच्या पूर्वेला रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत व्हर्लपूल व एलजी यांसारख्या कंपन्यांचे कारखाने आले. परंतु फ्रिजला वीज हवी, आणि २००५ नंतरची काही वर्षे महाराष्ट्राने प्रखर भारनियमन सोसले. २००६ मध्ये ‘पुणे मॉडेल’ अमलात आले. उद्योगांनी स्वतःच्या जनित्रांवर वीज निर्माण करून जाळ्यातील भार हलका करायचा, जादा खर्च अधिभारातून भरून काढायचा आणि शहराला अखंड वीज द्यायची, अशी ती व्यवस्था होती. घरातील चॉकलेट थंड राहण्यामागे त्या काळात कारखान्यांची जनित्रेही होती.

१६/
२००३ चा ऑक्टोबर या इतिहासात टाळता येत नाही. दिवाळीच्या तोंडावर मुंबईत दुग्धचॉकलेटच्या काही वड्यांत अळ्या आढळल्या. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने चौकशी केली आणि देशभर गदारोळ झाला. कॅडबरीचे म्हणणे होते की दोष दुकानांतील साठवणुकीचा आहे. प्रशासनाने वेष्टनाकडेही बोट दाखवले. अखेर दुकानदारांना साठवणुकीचे धडे देण्याची मोहीम निघाली आणि २००४ च्या आरंभी हवाबंद, अधिक खर्चाचे नवे वेष्टन आले. कारखान्याच्या दारातून निर्दोष निघालेली वडीही वाटेत बिघडू शकते, हे सर्वांना कळले. घरच्या चॉकलेटला ही जोखीम अधिकच लागू पडते, कारण त्याचे वेष्टन म्हणजे बहुधा एक पातळ चमकदार कागद.

१७/
आता वडीतला दुसरा घटक. मार्शमॅलो ही मुळात एक वनस्पती. युरोपातील पाणथळ जागी वाढणाऱ्या या झुडपाच्या मुळांतून बुळबुळीत चिकट द्रव निघतो. युनानी वैद्यकात ती खतमी या नावाने परिचित आहे. घसा व खोकल्यावर तिचा उपयोग सांगितला जातो. तिचे कुळ भेंडीचे. भेंडी चिरताना हाताला लागणारी तार आठवली की मार्शमॅलोच्या जन्माची कल्पना येते. आधुनिक वर्गीकरणात कोकोचे झाडही याच कुळात मोडते; जास्वंद आणि कापूसही त्यातलेच. चॉकलेट आणि मार्शमॅलो थाळीत भेटतात तेव्हा दूरचे भाऊबंदच भेटतात.

१८/
एकोणिसाव्या शतकात फ्रेंच हलवायांनी या मुळांच्या रसात साखर व अंड्याचा पांढरा बलक फेटून मऊ मिठाई केली. तीच खऱ्या अर्थाने आजच्या मार्शमॅलोची पूर्वज. मुळांचा रस काढणे वेळखाऊ होते, म्हणून त्याची जागा जिलेटिनने घेतली. वनस्पती गेली, नाव राहिले. १९४८ च्या सुमारास अमेरिकेत अ‍ॅलेक्स डूमाक यांनी हे मिश्रण नळीतून दाबून लांब दोऱ्यासारखे काढण्याची व त्याचे तुकडे करण्याची पद्धत शोधली. त्यामुळे मार्शमॅलो स्वस्त झाला आणि तेथील घराघरांत ओव्हनविना होणाऱ्या चॉकलेट-मार्शमॅलो वड्यांचा प्रसार झाला. चॉकलेट म्हटलेली साखरेची गोळी आणि मुळांवाचून केलेला मार्शमॅलो, दोहोंची कथा एकच.

१९/
जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून तयार होते. शाकाहारी मराठी घराच्या दारात मार्शमॅलो येथे अडला. २००१ पासून वेष्टित अन्नावर शाकाहाराचा हिरवा ठिपका छापला जाऊ लागल्यावर तर प्रश्न डोळ्यांसमोर आला; जिलेटिनच्या पाकिटावर तो ठिपका येऊ शकत नाही. औषधांच्या बहुसंख्य कॅप्सूलचे कवचही जिलेटिनचेच असते. प्रतिजैविकांच्या कारखान्याभोवती वाढलेल्या पिंपरीत ती कवचे वर्षानुवर्षे निमूटपणे गिळली गेली. औषधाला जी सूट मिळाली ती मिठाईला मिळाली नाही, आणि ती न देण्याचा अधिकार खाणाऱ्याचाच आहे. त्यासाठी काय खातो आहोत हे आधी कळले पाहिजे.

२०/
तोडगा पूर्वेकडून आला. १९७४ मध्ये दक्षिण कोरियात ओरायन कंपनीने चोको पाय विकायला आणला: दोन मऊ बिस्किटांमध्ये मार्शमॅलो आणि वरून चॉकलेटचा थर. कोरियातच वाढलेल्या लोटे समूहाने २००४ मध्ये चेन्नईची पॅरीज कन्फेक्शनरी घेतली आणि भारतासाठी शाकाहारी चोको पाय बनवला. मार्शमॅलोचे नाव ठाऊक नसलेल्या मुलांनीही त्याची चव अशा रीतीने घेतली. सुटे मार्शमॅलो मात्र दुर्मिळच होते. परदेशी खाद्यवस्तूंवरील आयातीचे संख्यात्मक निर्बंध एप्रिल २००१ पर्यंत उठले, त्यानंतर मोठ्या दुकानांत ती पाकिटे दिसू लागली. पुढे हिरवा ठिपका मिरवणारी पाकिटेही आली.

२१/
घरी शाकाहारी मार्शमॅलो करण्याचे साधन मराठी स्वयंपाकघरात आधीपासून होते: चायना ग्रास, अर्थात समुद्री शेवाळापासून मिळणारे अगार. दुधाची जेली किंवा पुडिंग करणाऱ्या घरात त्याची पुडी असेच. साखरेचा पाक सुमारे ११५ अंशांपर्यंत, म्हणजे पाण्यात टाकताच मऊ गोळी वळेल इतपत आणायचा, त्यात उकळून विरघळवलेले चायना ग्रास मिसळायचे आणि पांढरे शुभ्र होईतो फेटायचे. जिलेटिनसारखी ओढाळ लवचीकता यात येत नाही. तुकडा चटकन तुटतो. पण त्याचा एक गुण इथल्या हवेला मानवतो. जिलेटिनची जेली ३५ अंशांच्या आसपास ढासळते, अगारची ८५ अंशांपर्यंत टिकते.

२२/
एवढे कळले की कृतीतील प्रत्येक सूचनेचे कारण उलगडते. चॉकलेट वितळल्यावर ते कोमट होईपर्यंत थांबायचे, नाहीतर जिलेटिनचा मार्शमॅलो त्यात विरघळून जातो. पातेल्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, कारण अल्प पाण्याने साखरेचे कण एकमेकांना चिकटतात आणि मिश्रण क्षणात रवाळ गोळा बनते. कंपाउंडमध्ये खरे चॉकलेट अंदाजाने मिसळायचे नाही. दोन्ही चरब्यांचे जमत नाही आणि वड्यांवर पांढरा थर येतो. पावसाळ्यात वड्या फ्रिजमधून काढून लगेच उघड्या ठेवायच्या नाहीत. हवेतील दमट वाफ त्यांच्यावर पाणी होऊन बसते. डब्याचे झाकण वड्या खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचे.

२३/
उरतो प्रश्न नावाचा. भारतीय अन्नकायद्याने दीर्घकाळ चॉकलेटमध्ये कोकोबटरखेरीज अन्य वनस्पतिजन्य चरबीला मज्जाव केला होता. पुढे ५ टक्क्यांपर्यंत मुभा मिळाली. या व्याख्येत कंपाउंड बसत नाही. कारखान्याच्या लादीवर तसे छापलेले असते. मात्र तीच लादी वितळून, साच्यातून निघून, चमकदार कागदात गुंडाळली गेली की तिच्यावर ‘होममेड चॉकलेट’ एवढेच उरते. छापील अक्षरे पातेल्यात विरघळून जातात. फसवण्याचा हेतू क्वचितच असतो. गोळीलाही चॉकलेट म्हणणाऱ्या बोलीची ती जुनी सवय आहे. तरीही पैसे मोजणाऱ्याला, आणि विशेषतः जिलेटिन टाळणाऱ्याला, हा तपशील मिळायला हवा.

२४/
२००६ चा अन्नसुरक्षा कायदा आणि २०११ पासून लागू झालेले त्याचे नियम या ओट्यावरच्या उद्योगापर्यंत पोहोचले. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान उत्पादकाने वर्षाला १०० रुपये शुल्क भरून नोंदणी करायची, अशी तरतूद त्या नियमांत झाली. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका महिला बचत गटांसाठी पवनाथडी जत्रा भरवते. मांडे, खर्डा, पापड, गोधड्या यांच्या शेजारी चॉकलेटची खोकीही तिथे मांडली जातात. नोंदणी क्रमांक, घटकांची यादी, बनवल्याची तारीख हे सारे लहानशा चिठ्ठीवर छापून घेणाऱ्या बायका आता वाढत आहेत. कारखान्याने १९६०-७० च्या दशकांत शिकलेली शिस्त स्वयंपाकघर आज शिकत आहे.

२५/
हिशेब मांडला तर या वडीतील लादी कारखान्याची, मार्शमॅलो कारखान्याचा, बिस्किट कारखान्याचे, फ्रिज कारखान्याचा आणि त्याची वीजही एकेकाळी कारखान्याने मोकळी करून दिलेली. घराचे काय? तापमानाचा अंदाज घेणारे बोट, थापणारा हात, गुलकंद घालण्याची कल्पना, ग्राहकाच्या घरी कोण काय खात नाही याची आठवण, आणि दुपारचे ते तीन तास. वडीची किंमत ठरवताना लादीचा आणि खोक्याचा खर्च काटेकोर धरला जातो; हे तीन तास मात्र पुष्कळदा हिशेबात येतच नाहीत, कारण ते ‘घरचेच’ समजले जातात.

२६/
पाळीचे तास, जादा कामाचा दर, भविष्यनिर्वाह निधी: श्रमाचे मोल मोजण्याची सारी भाषा या शहराने कारखान्यांत आणि कामगार संघटनांत घडवली. शंभर पावलांवरच्या ओट्यावर मात्र ती पोहोचली नाही. म्हणून घरच्या चॉकलेटचे खोके हाती आले तर दोन गोष्टी विचाराव्यात. आत काय आहे, आणि करणारीने आपल्या तासांचे पैसे धरले आहेत का. पहिल्याचे उत्तर चिठ्ठीवर मिळू लागले आहे. दुसरे अजून कोणत्याही चिठ्ठीवर छापले जात नाही.

(धागा समाप्त)